टिपणांचे ॲप घ्यावे की शोध-इंजिन बसवावे? बारा हजार टिपणांचा प्रश्न

टाकबोरू (धागाकर्ता)

नमस्कार. मी भाषांतराचे काम करतो. वाचताना भेटलेल्या संज्ञा, शब्दप्रयोग आणि ते ज्या वाक्यात आले ते मूळ वाक्य टिपून ठेवण्याची सवय मला चौदा वर्षांपासून आहे. आज या टिपणांची संख्या १२,००० च्या आसपास गेली आहे. निम्मी टिपणे साध्या मजकूर-फायलींत आहेत, काही एका ॲपमध्ये आहेत, आणि उरलेली अशा एका ॲपमध्ये होती जे मध्यंतरी बंद पडले. त्यातून निर्यात केलेली एक भलीमोठी एक्सएमएल फाइल तेवढी हाती राहिली आहे. शिवाय नऊशेच्या घरात पीडीएफ आहेत आणि त्यांतल्या अर्ध्याअधिक जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत.

साठवायला जागा भरपूर आहे. सापडत मात्र काही नाही. 'तारण' आणि 'गहाण' यांतला फरक नेमका दाखवणारा एक उतारा माझ्याकडे आहे हे मला पक्के आठवत होते, पण तो शोधण्यात अख्खी दुपार गेली आणि शेवटी त्याच्याविनाच काम पाठवावे लागले.

एका स्नेह्याचे म्हणणे असे की सगळी टिपणे ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये आणावीत. दुसरा स्नेही संगणक-अभियंता आहे आणि तो म्हणतो की एवढ्या मजकुरासाठी इलॅस्टिकसर्च किंवा मेलीसर्च यांसारखे खरे शोध-इंजिनच हवे. टर्मिनल उघडून दिलेली आज्ञा चालवण्याइतपत मला जमते, पण मी प्रोग्रॅमर नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

जुनी वही

माझे मत सरळ ॲपच्या बाजूने आहे, कारण टिपण आधी लिहिले जावे लागते आणि मगच ते शोधता येते. शोध-इंजिनाला लिहिण्याची जागाच नसते. तेथे टिपण दुरुस्त करायचे म्हटले तरी मूळ मजकूर कोठे आहे ते पाहावे लागते.

ॲप निवडताना मात्र एक गोष्ट आधी तपासावी, ती म्हणजे टिपणे कोणत्या रूपात आणि कोणाच्या संगणकावर राहतात. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक टिपण ही तुमच्याच फोल्डरमधली एक मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात मांडणीच्या खुणा घातलेली, फाइल असते, आणि ॲप काढून टाकले तरी ती कोणत्याही साध्या संपादकात उघडते. जॉप्लिन मुक्तस्रोत आहे, पण त्याची टिपणे एका एस्क्यूलाइट डेटाबेसमध्ये राहतात. ती मार्कडाउन रूपात बाहेर काढता येतात, एवढे पुरेसे मानणारे पुष्कळ आहेत. नोशनमध्ये मूळ प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असते. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये मोफत खात्यावर ५० टिपणे आणि १ वही अशी मर्यादा घातली, तेव्हा हजारो टिपणे असलेल्या मोफत वापरकर्त्यांना एक तर पैसे भरावे लागले किंवा स्थलांतर करावे लागले. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही; दुसऱ्याच्या घरात सामान ठेवले की घरमालकाचे नियम लागू होतात.

जाता जाता एक सांगतो. समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी सुमारे ९०,००० कागदी चिठ्ठ्यांचा संग्रह केला होता आणि त्याला शोधाचे कोणतेही यंत्र नव्हते. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक होता आणि एका चिठ्ठीतून दुसरीकडे निर्देश होते. ऑब्सिडियनमधले दुहेरी चौकटी कंसांचे दुवे हे त्याच पद्धतीचे वंशज आहेत.

---

खोलविहीर

मी पोटापाण्यासाठी शोध-इंजिनेच सांभाळतो, त्यामुळे माझा कल तिकडे असेल असे वाटू शकेल; पण टाकबोरू, तुम्हाला इलॅस्टिकसर्चची गरज नाही.

शोध-इंजिन काय करते ते आधी पाहू. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, जीत शब्दापुढे पृष्ठक्रमांक दिलेले असतात. इंजिन तुमच्या सगळ्या मजकुराची अशीच उलटी सूची बांधते, आणि शोधाच्या वेळी मजकूर न वाचता फक्त ती सूची पाहते. इलॅस्टिकसर्च २०१० मध्ये आले. त्याच्या पोटात ल्युसीन हा शोधाचा तयार प्रोग्रॅम-संच आहे, जो १९९९ मध्ये डग कटिंग यांनी लिहिला. सोलर हे इंजिनही ल्युसीनवरच उभे आहे. ही सगळी यंत्रणा कोट्यवधी दस्तऐवज, अनेक सर्व्हर आणि एकाच वेळी शोधणारे हजारो लोक यांच्यासाठी घडवलेली आहे.

आता तुमचा मजकूर मोजू. एका टिपणात सरासरी ३०० शब्द धरले, तर मोकळ्या जागांसह साधारण १,९०० चिन्हे होतात. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एक टिपण सुमारे साडेपाच किलोबाइटचे झाले. अशी १२,००० टिपणे मिळून ७० मेगाबाइटही भरत नाहीत. मोबाइलवरच्या एका लहानशा चित्रफितीएवढा हा ऐवज आहे. त्याच्यासाठी जावा व्हर्च्युअल मशीनवर चालणारा, सुरू राहण्यासाठीच भरपूर मेमरी मागणारा सर्व्हर अहोरात्र पोसणे म्हणजे सुई उचलायला क्रेन आणणे आहे. शिवाय तो सांभाळावा लागतो. २०२२ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून इलॅस्टिकसर्चमध्ये सुरक्षा आपोआप चालू असते. त्याआधीच्या आवृत्त्या पासवर्डाविना इंटरनेटला उघड्या ठेवल्या जात, आणि अशा उघड्या सर्व्हरांवरून मजकूर चोरीला जाण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिनात जे असते ती सूची असते आणि ती केव्हाही टाकून देऊन नव्याने बांधता आली पाहिजे. मूळ प्रत तिच्यात ठेवू नये. म्हणून ॲप की इंजिन ही निवडच मला पटत नाही. मूळ टिपणे साध्या फायलींत ठेवा, त्या कोणत्याही ॲपने लिहा, आणि सूची त्या फायलींवरून बांधा.

---

शंकासुर

७० मेगाबाइटच असतील तर सूची तरी कशाला? रिपग्रेप हे छोटे साधन प्रत्येक वेळी सगळ्या फायली नव्याने वाचते आणि तरीही एवढ्या मजकुरात एका सेकंदाच्या आत उत्तर देते. ना सर्व्हर, ना सूची, ना स्थलांतर. एवढेच लक्षात ठेवावे की लपवलेल्या फायली आणि 'गिट-इग्नोर' या वगळण्याच्या यादीत नोंदवलेल्या फायली ते आपणहून वगळते.

---

टाकबोरू

सर्वांचे आभार. शंकासुर यांच्या सल्ल्याप्रमाणे कालच रिपग्रेप चालवून पाहिले. वेग पाहून थक्क झालो, पण 'कर' हा शब्द घातला तेव्हा करणे, करून, करार, प्रकरण, लवकर असे सगळे मिळून हजारो ओळी आल्या. मला कर म्हणजे शासन आकारते तो कर हवा होता. पीडीएफ तर या शोधात येतच नाहीत. आणि अनेकदा नेमका शब्द आठवतही नसतो.

---

अनुस्वार

या धाग्यात आतापर्यंत यंत्राविषयी बोलणे झाले; मजकूर मराठी आहे हे कोणी विचारात घेतले नाही, आणि माझ्या अनुभवात खरी अडचण तेथेच असते.

पहिली गोष्ट सामान्यरूपाची. 'रस्ता' शोधणाऱ्याला 'रस्त्यावर' आणि 'रस्त्यांचे' हवे असते, पण यंत्राच्या दृष्टीने ते वेगळे शब्द आहेत. इंग्रजीसाठी प्रत्यय छाटणारे भाग या इंजिनांत तयार असतात. इलॅस्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी भाषिक विश्लेषक आहेत, मराठीसाठी नाही. लिपी एकच आहे म्हणून हिंदीचा विश्लेषक मराठीला लावण्याचा मोह आवरावा, कारण त्यातले सामान्यीकरण दीर्घ वेलांटी आणि दीर्घ उकार ऱ्हस्व करून टाकते. मग 'दीन' आणि 'दिन' एकच होतात, 'सूत' आणि 'सुत' एकच होतात. संज्ञा गोळा करणाऱ्या माणसासाठी हे घातक आहे. मेलीसर्चची टंकदोष-सहिष्णुता, जी सामान्यतः पाच अक्षरांपासून एक आणि नऊ अक्षरांपासून दोन चुका माफ करते, तीही याच कारणाने येथे जपून वापरावी. संकेतस्थळावर येणाऱ्या अनोळखी वाचकासाठी ती वरदान आहे. स्वतःच्या शब्दसंग्रहात मात्र ती भलतेच शब्द पुढे आणते.

दुसरी गोष्ट, दिसायला एक पण आतून दोन असणारी अक्षरे. 'ॲप' हा शब्द 'ॲ' या स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, जे युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले, किंवा 'अ' वर चंद्र देऊनही लिहिता येतो. पडद्यावर फरक दिसत नाही, पण शोधाला दिसतो, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण हे दोन एक मानत नाही. तसेच 'दुसऱ्या' मधला 'ऱ्या' कोणी नुक्त्याच्या 'ऱ' ने लिहितो, तर कोणी साध्या 'र' पुढे हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितो. चौदा वर्षांत तुमचे कीबोर्ड तीन-चारदा तरी बदलले असतील. तुमच्याच टिपणांत दोन्ही प्रकार सापडतील याची मला खात्री आहे.

तिसरी गोष्ट जुन्या पुस्तकांची. मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम १९६२ मध्ये स्वीकारले गेले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. त्याआधीच्या छापील मजकुरात 'नांव', 'कांहीं', 'केलें' अशी रूपे भरलेली असतात. 'नाव' शोधले तर 'नांव' येणार नाही. यावर उपाय म्हणून सगळे अनुस्वार सूचीतून काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे 'अंत' आणि 'अत' एकत्र नांदतात. मूळ उतारा जसा छापला तसाच ठेवावा आणि शोधाच्या वेळी दोन्ही रूपे विचारावीत, हे अधिक सुरक्षित आहे.

---

खोलविहीर

अनुस्वार यांच्या प्रतिसादानंतर मला माझा सल्ला अधिक नेमका करणे भाग आहे.

तुमच्या आकाराला एस्क्यूलाइटमधील एफटीएस५ हा पूर्ण-मजकूर शोधाचा भाग पुरेसा आहे. तो २०१५ पासून उपलब्ध आहे, सगळी सूची एकाच फाइलीत राहते, सर्व्हर लागत नाही, आणि महत्त्वानुसार क्रम लावण्याचे बीएम२५ हे सूत्र त्यात अंगभूत आहे. ल्युसीननेही २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासून हेच सूत्र मूलभूत म्हणून स्वीकारले आहे. साध्या भाषेत सांगायचे तर दुर्मीळ शब्द जुळला तर त्याला अधिक गुण मिळतात, आणि लांबलचक मजकुरात जुळला तर थोडे कमी.

पण देवनागरीसाठी त्यात एक खड्डा आहे, आणि मी स्वतः त्यात पडलो होतो. मजकुराचे शब्द तोडणारा त्याचा मूळ टोकनायझर, म्हणजे युनिकोड६१, मुख्यत्वे अक्षर आणि अंक या युनिकोड-वर्गांतली चिन्हेच शब्दाचा भाग मानतो. आपले काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे 'मार्क' वर्गात, एमएन आणि एमसी या उपवर्गांत येतात, त्यामुळे तो त्यांना विरामचिन्हांसारखे विभाजक समजतो. 'माती' या शब्दाचे 'म' आणि 'त' असे दोन तुकडे होतात. 'मोती' आणि 'मिती' यांचेही तेच दोन तुकडे होतात. म्हणजे तुम्ही माती शोधता आणि हाती मोती येतो, आणि या एका बाबतीत तो आनंदाचा प्रसंग नसतो. त्रास असा की चूक दाखवणारा कोणताही संदेश येत नाही. उत्तरे येत राहतात, फक्त त्यांत भलत्या शब्दांची भेसळ असते. तक्ता बनवताना वर्गांच्या यादीत एमएन आणि एमसी हे दोन उपवर्ग जोडले की हा दोष जातो.

तरीही वर सांगितलेले अदृश्य जोडचिन्ह या दोन्ही उपवर्गांत बसत नाही आणि शब्द तेथे तुटतोच. म्हणून सूचीत टाकण्यापूर्वी 'ऱ्या' आणि 'ॲ' यांचे एकच रूप करून घेणारी चार ओळींची स्क्रिप्ट लागते. ती फक्त सूचीत जाणाऱ्या प्रतीवर चालवावी. मूळ फाइलीला हात लावू नये.

सामान्यरूपासाठी शब्दाच्या शेवटी तारांकन देऊन शोधता येते. 'रस्ता' न लिहिता 'रस्त' लिहून पुढे तारांकन दिले, तर रस्ता, रस्त्यावर, रस्त्यांचे सगळे येतात. तीन-तीन चिन्हांचे तुकडे करणारा ट्रायग्रॅम टोकनायझरही आहे, ज्याने शब्दाच्या मधला भागही सापडतो, पण त्यात तीनपेक्षा कमी चिन्हांचा शब्द शोधता येत नाही. तुमचा 'कर' दोनच चिन्हांचा आहे.

पीडीएफसाठी आणि एकही ओळ न लिहिता काम भागवायचे असेल तर रेकॉल पाहा. ते झापियन या इंजिनावर चालते, पीडीएफमधला मजकूर वाचते आणि त्याला खिडकी-बटणांचा साधा मुखडा आहे. स्कॅन केलेल्या पानांत मात्र मजकूरच नसतो, फक्त चित्र असते. त्यांना आधी टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या साधनाने वाचून घ्यावे लागेल. त्याची मराठीसाठीची विदा उपलब्ध आहे, आणि ओसीआर-माय-पीडीएफ हे साधन तो वाचलेला मजकूर त्याच पीडीएफमध्ये अदृश्य थर म्हणून घालते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरे चुकतील, हे गृहीत धरून चालावे.

---

जुनी वही

हे सगळे मान्य करूनही मी माझ्या मूळ मुद्द्यावर परत येतो. 'कर' या शब्दाचा प्रश्न कोणताही टोकनायझर सोडवणार नाही, कारण नाम असलेला 'कर' आणि धातू असलेला 'कर' यांतला फरक अक्षरांत नाही. तो लिहिणाऱ्याच्या डोक्यात होता आणि टिपणात उतरला नाही. टिपण करतानाच वरच्या ओळीत 'संज्ञा: कर', दुसऱ्या ओळीत 'विषय: महसूल' आणि तिसऱ्या ओळीत ग्रंथाचे वर्ष लिहिले असते, तर रिपग्रेपनेसुद्धा काम झाले असते.

---

खोलविहीर

याला माझी पूर्ण सहमती आहे. एफटीएस५ मध्ये संज्ञा, विषय आणि मजकूर असे वेगळे रकाने ठेवता येतात, फक्त 'संज्ञा' या रकान्यात शोधता येते, आणि बीएम२५ ला त्या रकान्याचे वजन दहापट दे असेही सांगता येते. पण रकाना रिकामा असेल तर वजनाचा काय उपयोग?

---

शंकासुर

नेमका शब्द आठवत नाही, या तक्रारीचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. अर्थावरून शोधणारी ती सदिश-पद्धत येथे चालेल का?

---

खोलविहीर

चालेल, पण नंतर. त्या पद्धतीत प्रत्येक उताऱ्याचे एका मॉडेलकडून संख्यांच्या मालिकेत रूपांतर करतात आणि जवळच्या मालिका शोधतात, त्यामुळे 'कर्जासाठी ठेवलेली वस्तू' असे विचारले तरी 'गहाण' सापडू शकते. मात्र टाकबोरू यांना 'तारण' आणि 'गहाण' यांतला फरकच हवा आहे, आणि ही पद्धत नेमके त्या दोघांना शेजारी बसवते. उतारा कोणता हे विसरले असेल तेव्हा ती उपयोगी पडेल. कोणता शब्द कोठे वापरला हे तपासायचे असेल तेव्हा शब्दशः शोधालाच पर्याय नाही.

---

टाकबोरू

तीन आठवड्यांनी परत येत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

एक्सएमएल फाइलीतली आणि चालू ॲपमधली सगळी टिपणे आता मार्कडाउन फायली म्हणून एकाच फोल्डरमध्ये आहेत. लिहिणे ऑब्सिडियनमध्ये होते. अभियंता स्नेह्याने इलॅस्टिकसर्चचा आग्रह सोडून एस्क्यूलाइटची स्क्रिप्ट लिहून दिली. ती रोज रात्री सूची पूर्ण पुसते आणि नव्याने बांधते, आणि त्याला मिनिटभरही लागत नाही. वर्गांची यादी न बदलता मुद्दाम एकदा चालवून पाहिली, तेव्हा 'तारण' शोधल्यावर 'तोरण' समोर आले. अनुस्वार यांचा अंदाजही खरा ठरला: 'ॲ' दोन प्रकारांनी लिहिलेला निघालाच, आणि २०१६ च्या सुमारास मी कीबोर्ड बदलला होता हे त्यावरून मला आठवले. 'नांव' आणि 'नाव' यांसारख्या जोड्यांची यादी हाताने करतो आहे. चाळीसेक झाल्या आहेत आणि स्क्रिप्ट शोधाच्या वेळी दोन्ही रूपे विचारते.

संज्ञा आणि विषय या ओळी जुन्या टिपणांत भरण्याचे काम मात्र यंत्राकडे सोपवता आले नाही. रोज वीस टिपणे या वेगाने चाललो आहे. शोधताना जे टिपण समोर येते त्यातच त्या ओळी आधी भरतो, म्हणजे जी टिपणे खरोखर लागतात ती आधी दुरुस्त होतात. 'तारण' आणि 'गहाण' यांचा तो उतारा सापडला. त्यात 'गहाण' हा शब्द जुन्या छपाईप्रमाणे 'गाहाण' असा होता आणि टिपणाला शीर्षकच नव्हते.

एक शेवटची शंका आहे. हे फोल्डर मी दोन संगणकांवर क्लाउडमधून समक्रमित करतो. सूचीची फाइलही त्यातच ठेवली तर चालेल का?

---

खोलविहीर

ठेवू नका. डेटाबेस उघडा असताना समक्रमणाने त्याची अर्धवट लिहिलेली प्रत उचलली तर फाइल बिघडते. फक्त टिपणे समक्रमित करा आणि प्रत्येक संगणकावर सूची तेथल्या तेथे बांधा. आणि 'गाहाण' तुमच्या जोड्यांच्या यादीत घाला.